निष्ठेचा आकडा

सरंजामी जपानवर बेतलेल्या ‘शोगुन २’ (२०११) या संगणकीय युद्धखेळात सेनापतीच्या निष्ठेलाही आकडा असतो. तो घसरू नये म्हणून पद द्यावे की सोयरीक करावी, यावर खेळणाऱ्यांचे वाद रंगतात.

सेकिगाहाराच्या लढाईत (१६००) कोबायाकावा हिदेआकी ऐनवेळी तोकुगावांकडे वळला. आमच्या हातकणंगले तालुक्यात, पेठवडगावला, ज्यांची समाधी आहे ते धनाजी जाधवही १७०७ साली खेडला ताराबाईंचा पक्ष सोडून शाहूंना मिळाले. निकाल तिथेच फिरला. तरी धनाजींना फितूर म्हणण्यास आमची लेखणी धजत नाही. ताराबाई शाहूंना तोतया म्हणत होत्या. ते खरोखर संभाजीपुत्र आहेत हे पटल्यावर निष्ठा कोणाशी राखायची?

पुढल्याच वर्षी धनाजी वारले. त्यांचा पुत्र चंद्रसेन १७११ मध्ये ताराबाईंकडे गेला. त्याचे कारण मात्र बाळाजी विश्वनाथाशी असलेले वैर.