सतरा शेकेलांचे खरेदीखत

जमिनीचे खरेदीखत करताना माणूस काय पाहतो? जागा कोठे आहे, सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, उद्या तिचा भाव वाढेल की नाही. शत्रूच्या फौजेने व्यापलेल्या मुलखातील शेत कोणी शहाणा विकत घेणार नाही. बायबलच्या इतिहासात मात्र असा एक व्यवहार नोंदलेला आहे. देवाचा करार म्हणजे काय, हे मला त्या व्यवहारातून जितके उमगले तितके मोठमोठ्या ग्रंथांतून उमगले नाही.

प्रसंग इ. स. पूर्व ५८८-८७ च्या सुमाराचा. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने जेरुसलेमला वेढा घातला होता. नगरात उपासमार होती. नगर पडणार असे निर्भयपणे सांगणारा संदेष्टा यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत होता. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल आला आणि अनाथोथ या गावचे वडिलार्जित शेत विकत घेण्याची गळ त्याने घातली. यिर्मयाने सतरा शेकेल, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे दोनशे ग्रॅम चांदी तोलून दिली. साक्षीदारांनी सह्या केल्या. खताची एक प्रत मोहोरबंद, दुसरी उघडी. दोन्ही प्रती दीर्घकाळ टिकाव्यात म्हणून लेखनिक बारूखने त्या मातीच्या भांड्यात ठेवाव्यात, असे यिर्मयाने सांगितले. या देशात पुन्हा जमिनीचे व्यवहार होतील, असे देवाचे अभिवचन त्याला लाभले होते.

त्याच वेढ्याच्या काळात जेरुसलेममध्ये आणखी एक करार झाला. राजा सिद्कीया आणि प्रजा यांनी आपल्या हिब्रू दासदासींना मुक्त करण्याची शपथ घेतली. त्यासाठी वासरू कापून त्याच्या दोन भागांमधून ते चालत गेले. वचन मोडले तर आपली गत या जनावरासारखी होवो, असा त्या विधीचा अर्थ. हिब्रू भाषेत करार ‘कापतात’ तो यामुळेच. पुढे मिसरचे सैन्य येत असल्याचे कळताच बाबेलच्या सैन्याने वेढा तात्पुरता उठवला. संकट टळले असे वाटताच धन्यांनी सोडलेल्या दासांना पुन्हा जुंपले. आपले नवसही कधी कधी याच जातीचे असतात.

आता उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातील अब्राहाम आठवा. तेथेही जनावरे कापलेली आहेत. पण अब्राहाम गाढ झोपेत आहे आणि त्या तुकड्यांमधून केवळ धुमसती शेगडी व जळती मशाल जाते. देव एकटाच त्या वाटेने गेला, एकट्यानेच स्वतःला बांधून घेतले. हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर करणाऱ्या यहुदी पंडितांनी म्हणूनच बहुधा समान पक्षांच्या करारनाम्याचा शब्द टाळून मृत्युपत्रासाठी रूढ असलेला ‘दियाथेके’ हा शब्द निवडला. आपल्या ‘करार’ या शब्दाला कचेरीचा वास आहे. एकाने अट मोडली की दुसरा मोकळा. देव तसा मोकळा होत नाही.

सीनाय पर्वतावरील करारात आज्ञा होत्या आणि लोकांनी त्या वारंवार मोडल्या. इ. स. पूर्व ५८७ मध्ये जेरुसलेम पडले, मंदिर जळाले. त्याच यिर्मयाच्या मुखाने देवाने नव्या कराराचे अभिवचन दिले. हा करार दगडावर नव्हे तर हृदयावर लिहिला जाणार होता आणि त्याचा पाया क्षमा हा होता.

इ. स. पूर्व ५३९ मध्ये इराणचा सम्राट कोरेश याने बाबेल जिंकले. हद्दपार झालेले लोक परतू लागले. एज्राच्या ग्रंथातील परतलेल्यांच्या यादीत अनाथोथचे १२८ पुरुष आहेत. जमिनीचे वचन असे पूर्ण होऊ लागले. हृदयाचे वचन पूर्ण व्हायला आणखी पाच शतके लागली. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशूने प्याला हाती घेतला आणि हा आपल्या रक्तातील नवा करार आहे असे सांगितले. इ. स. ५५ च्या सुमारास संत पौलाने करिंथकरांना लिहिताना ही परंपरा नोंदवली. येथे कापले गेले ते वासरू नव्हे. करार मोडणाऱ्याची शिक्षा करार पाळणाऱ्याने स्वतःवर घेतली.

मग जुना करार रद्द झाला काय? दुसऱ्या शतकात मार्सियन याने तसे शिकवले आणि ख्रिस्तसभेने ते नाकारले. १६१६ साली राचोल येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्स यांनीही पहिले पुराण जुन्या करारालाच वाहिले. यहुदी लोकांना दिलेली दाने देव परत घेत नाही, ही पौलाची शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये पुन्हा उच्चारली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० मध्ये जर्मनीतील माइन्झ येथे यहुदी प्रतिनिधींसमोर तो करार देवाने कधीच रद्द केलेला नाही, असे स्पष्ट केले. हे महत्त्वाचे आहे. पहिले वचन मोडणाऱ्या देवाच्या दुसऱ्या वचनावर आपण कशाच्या आधारे विसंबणार?

“फादर, इतक्या नोव्हेना केल्या, तरी देवाने ऐकले नाही,” असे शब्द मी अनेक घरांत ऐकले आहेत. त्या अश्रूंपुढे माझ्याजवळ तयार उत्तर नसते. तेव्हा मला यिर्मया आठवतो. त्याला पुढे जबरदस्तीने मिसर देशात नेले गेले. आपल्या शेतात तो परतल्याची नोंद पवित्र शास्त्रात नाही. तरी चांदी त्याने पूर्ण तोलून दिली होती आणि खत जपून ठेवायला लावले होते. आपल्या वाट्याला आलेली वर्षेही कदाचित वेढ्याची असतील. येत्या रविवारी मिस्सामध्ये प्याला उंचावला जाईल तेव्हा तो आपल्या नावाचे खरेदीखत आहे, हे ध्यानी असू द्यावे. त्याची किंमत कोणी भरली, हे आपण जाणतोच.