पाळणा
पाळणा : तान्ह्या मुलास झोपविण्यासाठी वापरण्यात येणारे झुलते शय्यासाधन. आढ्याला वा कडीला दोरीने किंवा साखळीने टांगलेला लाकडी पाळणा, लुगड्याची वा धोतराची झोळी आणि स्वतःच्या चौकटीत झुलणारा धातूचा पाळणा हे त्याचे महाराष्ट्रातील परिचित प्रकार होत. जन्मानंतर बाराव्या दिवशी बारशाला मुलास पाळण्यात घालून त्याचे नाव ठेवतात. त्या वेळी म्हणावयाच्या गीतांनाही ‘पाळणा’ अशीच संज्ञा आहे.

टांगलेला पाळणा हा एक प्रकारचा लंबक असतो. त्याचा आवर्तनकाल मुख्यतः टांगणीच्या लांबीवर अवलंबून असतो; लांबी १ मी. असल्यास तो सु. २ सेकंद व २ मी. असल्यास सु. २·८ सेकंद भरतो. मुलाच्या वजनाने त्यात विशेष फरक पडत नाही. स्प्रिंगला टांगलेल्या झोळीचा हेलकावा मात्र वजन वाढेल तसा मंदावतो. घर्षणामुळे आंदोलने क्षीण होत जात असल्याने पाळण्याची दोरी कोणी तरी ओढत राहावी लागते. ही दोरी लांब ठेवून घरकाम करता करता झोका देण्याची रीत होती. पाळण्याचा इतिहास अशा रीतीने स्त्रियांच्या श्रमांशी निगडित आहे.

गिरणीत कामाला जाणाऱ्या मातांना ही सोय उरली नाही. मूल दिवसभर निजून राहावे म्हणून त्यास अफू देण्याची प्रथा मुंबईच्या कामगारवस्तीत पसरली होती. डॉ. बार्न्स यांनी स्त्री-कामगारांची पाहणी करून १९२२ मध्ये तिच्याकडे लक्ष वेधले. कारखाना अधिनियम, १९४८ अन्वये ५० हून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यांत त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी शिशुगृह ठेवणे बंधनकारक झाले. १९७६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ३० वर आणली. मुंबईबाहेर शहाड, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यातील कारखान्यांनाही ही तरतूद लागू होती. अशा शिशुगृहास मराठीत ‘पाळणाघर’ हे नाव रूढ झाले.

मुलास झुलविणे इष्ट की अनिष्ट, याविषयी वैद्यकात मतभेद होते. अमेरिकन बालरोगतज्ञ एल. एमेट होल्ट यांनी १८९४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या व पुढे अनेक आवृत्त्या निघालेल्या आपल्या बालसंगोपनविषयक पुस्तकात ही सवय निरुपयोगी ठरविली. उलट, जपानमधील रिकेन संस्थेतील संशोधकांनी २०१३ मध्ये असे दाखविले, की आई मुलास घेऊन चालू लागताच सहा महिन्यांखालील मुलांचे रडणे व हालचाल कमी होते आणि हृदयस्पंदनाचा वेगही मंदावतो.

दोरी ओढण्याचे काम पुढे विजेच्या चलित्राकडे आले. हार्वे कार्प या बालरोगतज्ञांचा ‘स्नू’ हा पाळणा अमेरिकेत २०१६ मध्ये विक्रीस आला. तो रडण्याचा आवाज टिपून आपली गती व ध्वनी बदलतो. मुलास त्यात उताणे ठेवून पट्ट्याने सुरक्षित करतात. झोप लागणे आणि झोप सुरक्षित असणे या मात्र भिन्न गोष्टी आहेत. उतरत्या पाठीच्या शय्येत मुलाची मान छातीकडे झुकून श्वासमार्ग अडण्याचा धोका असतो. मृत्यूच्या घटनांनंतर अमेरिकेत २०१९ मध्ये अशा एका उत्पादनाचे सु. ४७ लाख नग परत मागविण्यात आले, तर २०२२ च्या कायद्याने १० अंशांहून अधिक उताराच्या शिशुशय्यांवर बंदी आली. मुलास सपाट, घट्ट गादीवर, उशीविना उताणे निजवावे, असे बालरोगतज्ञ सांगतात. खोल झोळीत ही अट पाळली जात नाही.

यंत्राने झोका मिळतो. मूल भुकेने, तापाने की एकटेपणाने रडते, हे कोणीतरी जवळ जाऊनच पाहावे लागते. भारतात २०१७ च्या प्रसूतिलाभ दुरुस्ती अधिनियमाने ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि मातेस दिवसातून चार वेळा तेथे जाण्याचा हक्क दिला.