सॅलरी स्लिपवरचे दोनशे रुपये

माझ्या सॅलरी स्लिपवर 'प्रोफेशन टॅक्स : २००' अशी एक ओळ असते. फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २५००. इतकी वर्षं मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पण परवा प्रश्न पडला, हे पैसे जातात कुठे? आणि शनिवार त्यातच गेला!

कल्याणकारी राज्य म्हटलं की आपण विचारतो, कुणाला काय मिळतं? मला वाटतं, पैसे कुठून येतात हे आधी बघावं.

बिस्मार्कने जर्मनीत १८८३ साली कामगारांसाठी आजारपणाचा विमा आणला, १८८९ मध्ये पेन्शन. पैसा मुख्यतः मालक-कामगारांच्या वर्गणीतून. ज्याने भरलं त्याचा हक्क, हिशोब सरळ. पण १९९० च्या एकीकरणानंतर पूर्वेचा बराच भार याच वर्गणीवर पडला. एकूण वर्गणी पगाराच्या ४० टक्क्यांवर गेली आणि नवा माणूस नोकरीवर ठेवणं महाग झालं.

स्वीडनचं तत्त्व वेगळं : सगळ्यांकडून जबर कर, सगळ्यांना सेवा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे बँका कोसळल्या, बेकारी वाढली. कर घटला आणि खर्च मात्र फुगला. त्यांनी व्यवस्था मोडली नाही, पेन्शनचा फॉर्म्युला बदलला. हिशोब जुळला नाही की पेन्शन आपोआप कमी. २०१० मध्ये तसं झालंही.

आणि आपण? वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. गावात मागेल त्याला काम. त्यासाठीच १९७५ साली हा प्रोफेशन टॅक्स लावला आणि तेवढीच भर सरकारने घालायची ठरलं. म्हणजे कापायचं शहरातल्या पगारातून, मजुरी द्यायची गावात. पुढे २००५ साली केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या मागे हा अनुभव होता.

गंमत बघा, या कराची कमाल मर्यादा राज्यघटनेत लिहिलेली आहे : १९८८ पासून वर्षाला २५००. स्वीडनने फॉर्म्युला लिहिला, आपण आकडा हार्डकोड केला! महागाई कुठच्या कुठे गेली, आकडा तिथेच.

माझी आजी बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. तिला फोन करून हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दोनशेच कापतात व्हय रे?"

असो. आता ती ओळ दिसली की चिडचिड होत नाही. थोडी लाज वाटते, इतकंच.