वाघबारशीचा लाकडी वाघ

दिवाळीची सुरुवात आपण वसुबारसेने करतो. आश्विन वद्य द्वादशीच्या सांजेला सवत्स गाईची पूजा होते. पण त्याच तिथीला सह्याद्रीच्या रानात दुसऱ्याच देवाला नारळ फुटतो, हे आमच्या शिरूर-दौंडच्या मुलखात थोड्यांनाच ठाऊक असते. वारली, कोकणा, महादेव कोळी यांची ती वाघबारस. गाय आणि वाघ यांचा सण एकाच दिवशी यावा, यात मला मोठे शहाणपण दिसते.

हा वाघदेव डहाणू-जव्हारकडे, नाशिकच्या डोंगरांत, गुजरातेतल्या डांगात रानाच्या कडेला उघड्यावर उभा असतो. त्याला ना गाभारा, ना कळस. कोठे तो दगडाचा, कोठे लाकडाचा. लाकडी फळ्यावर वाघ कोरायचा, वर चंद्र-सूर्य, जोडीला नाग, आणि शेंदराचा लेप. कोरणाऱ्याने आपले नाव घालण्याची चाल नाही. वाघोबाने गुरेमाणसे राखावीत, माणसांनी त्याचा मान राखावा, असा हा करार. बिबट्याही त्यांच्या लेखी वाघच. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे व पालघर भागांत वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी नोंदलेली आहेत.

आमच्याकडे शीव राखायला दगडाचा म्हसोबा पुरे होई. घोड-भीमेकाठचा हा मुलूख माळरानाचा, ज्वारी-बाजरीचा. पुढे कालवे आले, ऊस आला, आणि उसाच्या आडोशाला बिबट्या नांदू लागला. दडायला पीक, प्यायला पाणी, खायला कुत्री-शेळ्या. त्याला आणखी काय हवे? शिरूर तालुका ज्या जुन्नर वनविभागात मोडतो, तेथे २००१ ते २००३ या काळात माणसांवरचे हल्ले फार वाढले. पुष्कळ बिबटे पिंजऱ्यांत धरून दूर सोडले गेले. या हलवाहलवीनेच हल्ले वाढले असावेत, असा निष्कर्ष २०११ च्या एका अभ्यासाने काढला. त्यानंतरही शिरूरने माणसे गमावली आहेत.

ज्या घरातले पोर गेले, तेथे वाघोबाच्या गोष्टी सांगण्याची छाती माझी नाही. फळा पुजून बिबट्या अडत नाही, हेही खरेच. मला त्या लाकडाचे मोल वेगळे वाटते. दगड एकदा रोवला की माणूस निश्चिंत होतो. लाकूड पावसापाण्याने कुजते. ते पुन्हा कोरावे लागते, आणि कोरताना शेजाऱ्याची आठवण पुन्हा ताजी होते. आम्ही ऊस वाढवला, पण त्याची शीव कोठे आणि शेजारी कोण, हे कधी विचारलेच नाही. गोठा बंदिस्त करणे, मुलांना एकटे न सोडणे, वस्तीवर दिवा ठेवणे, ही आमची वाघबारस. आणि ती वर्षातून एकदा पाळून भागणार नाही.