घरातला लहान वाचक

वेळ नदीच्या काठी वसलेल्या तळेगाव ढमढेरे या गावाचा उल्लेख इतिहासग्रंथांत येतो तो बहुधा सरदारांच्या आणि सैन्यांच्या संगतीने. ढमढेरे घराण्याच्या नावामुळे ते दाभाड्यांच्या तळेगावाहून वेगळे ओळखले जाते. आणि १७५१ साली निजाम सलाबतजंगाची फौज बुसीच्या फ्रेंच पलटणींसह पुण्याच्या रोखाने चालून आली, तेव्हा तिने रांजणगाव लुटून हे तळेगाव पार उद्ध्वस्त केले, अशी हकीकत ग्रँट डफने लिहून ठेवली आहे. पेशवे दप्तरातून इतिहासकार गो. स. सरदेसायांनी निवडून काढलेले कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. त्यांत वसूल, तंटे, मोहिमा, सोयरसंबंध असे पुष्कळ काही आहे. परंतु अशा एखाद्या गावातल्या घरी दिवेलागणीनंतर चार वर्षांच्या पोरापुढे कोण काय वाचीत बसे, ही बाब कोणत्याच रुमालात बांधलेली नाही. कारण ज्या गोष्टीवर सारा बसत नाही आणि जिच्यावरून भाऊबंदकी माजत नाही, तिची नोंद ठेवण्याचा शिरस्ता कोणत्याही सरकारात नसतो.

जे वाचले जाई ते ग्रंथ मात्र आपल्यापुढे आहेत. नाझऱ्याच्या श्रीधरस्वामींचा हरिविजय १७०२ सालचा, रामविजय त्याच्या पुढच्या वर्षीचा, पांडवप्रताप १७१२चा. आणि ताहाराबादच्या महिपतीचा भक्तविजय १७६२चा. चातुर्मास लागला की ओसरीवर किंवा देवळात पाट मांडला जाई, त्यावर पोथी उघडली जाई आणि घरातला किंवा गावातला एखादा वाचणारा पुरुष रोज एक अध्याय लावी. देशावरच्या गावोगावी दोन शतके चाललेल्या या वहिवाटीत मुलांसाठी म्हणून वेगळा ग्रंथ नव्हता आणि मुलांसाठी म्हणून केलेला सोपा पाठही नव्हता. मूल आजीच्या मांडीवर बसून मोठ्यांचा ग्रंथ ऐके, समास न कळता ओवीचा हेलकावा तेवढा घेई, पूतना आली की जागे होई आणि फलश्रुती येण्यापूर्वीच झोपी जाई. आजच्या बालशिक्षणतज्ज्ञाला ही पद्धत अशास्त्रीय वाटेल. परंतु कळण्याच्या आधी ऐकण्याची जी दीर्घ सवय तिने लावली, तिची बरोबरी पुढच्या क्रमिक पुस्तकांना साधली असे मला वाटत नाही. अर्थात या बैठकीत कोणी कोठे बसायचे हे जातीने ठरवलेले असे, आणि जिच्या मांडीवर ते मूल बसे तिला स्वतःला अक्षरओळख नसे.

अक्षरओळख होई ती पंतोजींच्या शाळेत. धूळपाटीवर मुळाक्षरे आणि बाराखडी, मग पाढे, पावकी, निमकी, अडीचकी, औटकी, आणि संध्याकाळी सगळ्यांनी एका सुरात परवचा. गोष्टीचे पुस्तक या शाळेच्या कल्पनेतच नव्हते. ते आले पेशवाई बुडाल्यानंतर दहा वर्षांनी. बर्क्विन नावाच्या फ्रेंच लेखकाने मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टी इंग्रजीत गेल्या आणि तेथून सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी त्या मराठीत आणल्या. तो ‘बाळमित्र’ १८२८ साली मुंबईत छापून निघाला. पॅरिसमधल्या मुलांचे सद्गुण मराठी मुलांनी गिरवावेत, ही योजना थोडी गमतीची खरी. परंतु मूल हा स्वतंत्र वाचक आहे हे मराठी छापखान्याने प्रथम मान्य केले ते याच सुमारास.

पुस्तक निघाले म्हणून ते खेड्यात पोहोचले असे नव्हे. खेड्यातल्या शाळांना खरा आधार मिळाला तो १८६०नंतरच्या दशकात, जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसून तिचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे लावला गेला तेव्हा. म्हणजे शाळेचा पैसा कुणब्याच्या शेतसाऱ्यातून येई, आणि जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण कमिशनपुढे १८८२ साली नेमके हेच दाखवून, त्या पैशाचे फळ कुणब्याच्या मुलाला मिळत नाही, अशी तक्रार मांडली. त्याआधी धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला १८५६ साली प्रवेश नाकारला गेला, त्याचा कज्जा तर थेट वरिष्ठ सरकारपर्यंत गेला होता.

तरीसुद्धा या शाळांतून जी थोडी मुले वाचायला शिकून घरी परतली, त्यांनी घरातला एक जुना क्रम उलटा केला, आणि मला या सगळ्या इतिहासातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. आईने मुलाला वाचून दाखवावे, ही आज स्वाभाविक वाटणारी गोष्ट. परंतु पाऊणशे-शंभर वर्षे मराठी खेड्यात मूलच आईला वाचून दाखवीत होते. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले, पुढच्याच वर्षी टपालाने मनीऑर्डर सुरू झाली, आणि लष्करात किंवा मुंबईच्या गिरणीत गेलेल्या माणसाची खुशाली गावी येऊ लागली. ती वाचणार कोण? पोस्टमन घाईत, कुलकर्ण्याकडे जावे तर घरची गोष्ट चावडीवर; तेव्हा तिसरी-चौथीतल्या पोरालाच उंबऱ्यावर बसवून कार्ड हाती दिले जाई. ते अडखळत, बोट फिरवीत वाची, आणि आई एकेक वाक्य पुन्हा वाचायला लावी. किती पैसे पाठवले, कोण आजारी आहे, कोणाशी बोलू नये, हे मजकूर त्या वयाला झेपणारे नव्हते. पण घरातला कारभार त्याला कळू लागे तो येथूनच. पुढे चातुर्मासातली पोथीही त्याच्याकडे आली. छापलेली पोथी बाळबोध अक्षरात असल्यामुळे ती त्याला वाचता येई. आजोबांच्या फडताळातले मोडी कागद मात्र वळणदार हाताचे, त्यांपुढे शाळेतली मोडी लंगडी पडे, आणि आजोबांपुढे त्याचा पराभव होई.

या लहान वाचकाला स्वतःचे असे काही मिळावे म्हणून विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली ‘बालबोध’ मासिक काढले आणि १९१४ मध्ये मरण येईपर्यंत जवळजवळ एकहाती चालवले. वासुदेव गोविंद आपट्यांचा ‘आनंद’ १९०६ पासूनचा. वर्गणी भरून ही मासिके घेणारी घरे शहरांत अधिक, खेड्यांत मास्तर किंवा तलाठी यांच्यापुरती. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ साली आली, आणि मुलाने मोठ्याने वाचावे व घरातल्या बायकांनी ऐकावे या जुन्या वहिवाटीत ती चपखल बसली.

१९५१ च्या जनगणनेत भारतातल्या साक्षर स्त्रियांचे प्रमाण शेकडा नऊसुद्धा भरले नव्हते. १९५९ साली साताऱ्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम, १९६७ साली स्थापन झालेली पाठ्यपुस्तकांची संस्था बालभारती आणि १९७१ च्या नोव्हेंबरात तिने काढलेले ‘किशोर’ मासिक ही मधली ठाणी होत. मुलींना शाळेत टिकवण्यास याहूनही अधिक काळ लागला. त्या काळात सातवीपर्यंत शिकलेल्या मुली आज आज्या आहेत, आणि तळेगाव ढमढेऱ्याच्या शिरूर तालुक्यातच नव्हे तर सगळ्या देशावर, नातवंडाला मांडीवर घेऊन पुस्तक उघडणारी घरातली पहिली बाई पुष्कळदा अशी आजीच असते. तिचे वाचन लक्ष देऊन ऐकावे. चित्रांच्या पुस्तकातले दोन ओळींचे गद्यही ती शिवलीलामृताच्या चालीवर, चरणाच्या शेवटी सूर लांबवून वाचते. सून म्हणते, साधे वाचा. आणि पोराला सवय झालेली असल्यामुळे, दुसऱ्या कोणी साधे वाचले तर ते चालत नाही.