पक्ष्यांचे मांसल कल्ले

काही पक्ष्यांच्या चोचीखाली, गालावर किंवा गळ्यावर बिनपिसांच्या कातडीची मांसल वाढ असते. तिला कल्ला म्हणतात. या कातडीत बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि कोंबड्याच्या कल्ल्यांचा लाल रंग त्यातल्या रक्ताचाच असतो. निळा रंग मात्र रंगद्रव्याचा नव्हे. त्वचेतील कोलॅजेनच्या तंतूंवर प्रकाश विखुरल्याने तो दिसतो. टर्कीच्या नराला चेव आला की रक्तवाहिन्या आकसतात किंवा फुगतात आणि त्याची उघडी मान पाहता पाहता लाल, निळी, पांढरी होते.

महाराष्ट्रात कल्ल्यांवरूनच ओळखू येणाऱ्या दोन टिटव्या आहेत. पाणवठ्याजवळच्या ताम्रमुखी टिटवीच्या डोळ्यापुढे लाल मांसल गाठ असते, तर कोरड्या माळावरच्या पीतमुखी टिटवीच्या चोचीच्या बाजूंना पिवळे कल्ले लोंबतात. दोन्ही जातींत ते नराला असतात तसेच मादीलाही. त्यामुळे कल्ला म्हणजे केवळ मादीला भुलवण्याचे साधन, हे प्रत्येक पक्ष्याच्या बाबतीत खरे नाही. हिमालयातील ट्रॅगोपानच्या नराला मात्र ते पुरेपूर लागू पडते. एरवी त्याच्या गळ्याखाली दुमडून राहिलेली निळी-तांबडी झालर प्रियाराधनात छातीवर उलगडते आणि डोक्यावर दोन निळी मांसल शिंगे उभी राहतात. न्यूझीलंडमधील कोकाको पक्ष्याचे कल्ले उत्तर बेटावर निळे, तर दक्षिण बेटावर नारिंगी. आफ्रिकेतून जगभर पाळीव झालेल्या गिनी कोंबडीचे कल्ले निळे-लाल असतात.

सर्वांत जास्त अभ्यास कोंबड्याच्या कल्ल्यांचा झाला. जर्मनीतील गटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी १८४९ मध्ये कोवळ्या कोंबड्यांची वृषणे काढली. त्यांचा तुरा आणि कल्ले खुरटले. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवले, त्यांचे कल्ले नेहमीसारखे वाढले. ते आरवू लागले, झुंजूही लागले. वृषणाचा मूळ मज्जातंतूंशी असलेला संबंध तुटला होता, म्हणजे परिणाम रक्तावाटे होत होता. अंतःस्रावविज्ञानाचा पाया येथे घातला गेला असे मानतात. मादीतही संप्रेरकांचा असाच प्रभाव दिसतो: तलंग अंड्यावर येऊ लागली की तिचा तुरा आणि कल्ले लालभडक होतात.

पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. उन्हाळ्यात कोंबडीच्या अंगातली बरीच उष्णता तुरा आणि कल्ल्यांतून बाहेर पडते. कडाक्याच्या थंडीत हेच उघडे अवयव गोठून काळे पडतात. म्हणून कॅनडात विसाव्या शतकाच्या आरंभी बारीक तुरा आणि कल्ले असलेली शांतक्लेर ही जात मुद्दाम तयार करण्यात आली. आजारही येथे लवकर उमटतो. रक्तक्षयात कल्ले फिके पडतात, जुनाट पाश्चुरेला संसर्गात सुजतात, तर घातक बर्ड फ्लूमध्ये निळे-जांभळे पडतात. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे या रोगाचा देशातील पहिला उद्रेक झाला, तेव्हापासून राज्यातील कुक्कुटपालकांना हे लक्षण आवर्जून सांगितले जाते. मात्र निळेपणा इतर रोगांतही येत असल्याने निदान प्रयोगशाळेतील तपासणीनेच पक्के होते.