शनिवारी दुपारी तीन वाजता



आजचा विषय कळल्यावर दोघातिघांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, की गडचांदूरला येऊन इंग्लिश फुटबॉलवर कशाला बोलता? माणिकगडावर बोला, नाहीतर सिमेंटवर बोला. सिमेंटवर बोलणार आहोत, माणिकगडाच्या पायथ्याशीही येणार आहोत. फक्त रस्ता जरा इंग्लंडवरून जातो, तेवढं सांभाळून घ्या.

शनिवारी रात्री साडेआठला आपल्याकडची पोरं मोबाइलवर सामना लावतात. अंगात आर्सेनलचा नाहीतर लिव्हरपूलचा टी-शर्ट. इंग्लंडात त्या वेळी दुपारचे तीन वाजलेले असतात. (त्यांच्या उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे सरकतं, तेव्हा आपल्याकडे साडेसात.) गंमत अशी, की हा तीन वाजताचा सामना गडचांदूरला थेट दिसतो, पण खुद्द इंग्लंडात दिसत नाही. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच टीव्हीवर थेट फुटबॉल दाखवायचा नाही, असा तिथे १९६०च्या दशकापासूनचा दंडक आहे. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी तो आग्रह धरला होता. मोठ्यांचा सामना घरबसल्या दिसला तर गावच्या छोट्या क्लबाच्या मैदानाकडे कुत्रंही फिरकणार नाही, असा त्यांचा हिशेब. म्हणजे बर्नलीच्या म्हाताऱ्याला सामना बघायचा तर उठून मैदानावर जावं लागतं, आणि आपल्या पोराला खाटेवर पडल्या पडल्या तो दिसतो.

आणि हीच पोरं, जी १९९२ नंतर कितीतरी वर्षांनी जन्मली, सांगतात की खरा फुटबॉल जुना होता. आता नुसता पैशाचा खेळ झाला. न पाहिलेल्या दिवसांची ही आठवण! मराठीत याला स्मरणरंजन म्हणतात. फार नेमका शब्द आहे, कारण त्यात नुसतं स्मरण नाही, रंजनही आहे. आज आपल्याला एवढंच बघायचं आहे, की या आठवणीत स्मरण किती आणि रंजन किती. आणि ही आठवण नेमकी कोणाची?

सुरुवात तीन वाजल्यापासूनच करू. तीनच का? १८५० साली इंग्लंडात कारखान्यांचा कायदा झाला आणि कापडगिरण्यांमधल्या बायकांना आणि पोरांना शनिवारी दुपारी दोन वाजता सोडायचं ठरलं. बाया-पोरं गेल्यावर गिरणी चालणार कशी? मग पुरुषही सुटू लागले, आणि हळूहळू इतर धंद्यांतही शनिवारची अर्धी सुट्टी आली. दोनला भोंगा, घरी जाऊन दोन घास, तीनला मैदान. आज जगभर शनिवारी तीनची जी वेळ पवित्र मानतात, ती अशी गिरणीच्या भोंग्याने ठरवलेली आहे.

क्लबही तसेच कामावरून निघाले. आर्सेनल म्हणजे शस्त्रागार. १८८६ साली वुलविचच्या तोफांच्या कारखान्यातल्या कामगारांनी तो काढला. मँचेस्टर युनायटेड हा मुळात न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांचा संघ, १८७८ सालचा. वेस्ट हॅमच्या बोधचिन्हावर अजून दोन हातोडे आहेत, कारण १८९५ साली टेम्स आयर्नवर्क्स या जहाजं बांधणाऱ्या कारखान्यात तो जन्मला. १८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिंपिकनं एफ.ए. कपच्या अंतिम सामन्यात ओल्ड ईटोनियन्सला २-१ असं हरवलं. एका बाजूला ईटनमध्ये शिकलेले साहेब लोक, दुसऱ्या बाजूला विणकर, सूत कातणारे, नळजोडणी करणारे. त्या दिवसापासून हा खेळ साहेबांच्या हातून निसटला तो निसटलाच. पाच वर्षांनी, १८८८ मध्ये, बारा क्लबांची लीग सुरू झाली. त्यातले सहा लँकेशरचे, सहा मिडलंड्सचे. लंडनचा एकही नव्हता.

टॉम फिनी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. इंग्लंडच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक. आयुष्यभर आपल्या गावच्या, प्रेस्टनच्या क्लबकडून खेळला आणि बाकीच्या वेळात नळ दुरुस्त करायचा. 'प्रेस्टनचा प्लंबर' हीच त्याची पदवी. म्हणजे काल ज्यानं तुमच्या न्हाणीतली तोटी बसवली, तो आज इंग्लंडसाठी गोल करतोय. १९४८-४९ च्या मोसमात लीगचे सामने बघायला चार कोटी दहा लाखांहून जास्त तिकिटं फाटली. अशा गोष्टी ऐकल्या की कोणाचाही जीव हळवा होतो. आमचाही होतो, खोटं कशाला बोला.

पण फिनी नळ का दुरुस्त करत होता? हौस म्हणून नाही. खेळाडूला आठवड्याला अमुक पौंडांहून जास्त द्यायचंच नाही, असा नियम १९०१ पासून होता. १९६१ साली संपाची धमकी दिल्यावर तो गेला, तेव्हा ती मर्यादा वीस पौंडांची होती. गर्दी कोटींची, गल्ला क्लबचा, आणि खेळाडूला वीस पौंड! त्याहून वाईट दुसरा नियम होता. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्या ताब्यात राही. क्लबानं सोडलं नाही तर दुसरीकडे खेळता येत नसे, आणि इकडचा पगारही बंद. आपल्याकडे सालगड्याला निदान पाडव्याला मालक बदलता येतो. या मंडळींना पाडवाच नव्हता. जॉर्ज ईस्टहॅम नावाचा खेळाडू न्यूकॅसल क्लबाविरुद्ध कोर्टात गेला, तेव्हा कुठे १९६३ साली ही वेठ सैल झाली.

मैदानावर उभं राहून, खांद्याला खांदा लावून सामना बघण्याचे दिवस, हे या स्मरणरंजनाचं सगळ्यात लाडकं चित्र. त्या चित्राच्या मागची बाजू अशी आहे. १९४६, बोल्टन: गर्दीत चिरडून ३३ माणसं मेली. मे १९८५, ब्रॅडफर्ड: लाकडी स्टँड, खाली वर्षानुवर्षांचा कचरा, एक ठिणगी, ५६ मृत्यू. १५ एप्रिल १९८९, हिल्सबरो: लिव्हरपूलचे प्रेक्षक लोखंडी जाळ्यांवर दाबले गेले, एकूण ९७ गेले; शेवटचा माणूस त्या दिवशीच्या दुखापतींमुळे २०२१ साली वारला. हिल्सबरोचं दुखणं इथे संपत नाही. दोष मेलेल्यांच्याच माथी मारला गेला. दारू पिऊन आले, दांडगाई केली, असं छापून आलं. घरच्यांनी सत्तावीस वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१६ साली चौकशीतल्या ज्युरीनं निकाल दिला, की या माणसांचे बळी बेकायदेशीररीत्या घेतले गेले आणि प्रेक्षकांची त्यात चूक नव्हती. हिल्सबरोनंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालामुळे बसण्याच्या खुर्च्या आल्या, जाळ्या गेल्या, आणि १९९२ साली टीव्हीच्या पैशावर प्रीमियर लीग उभी राहिली. ज्याला आपण 'पैशाचा खेळ' म्हणतो, त्याच्या पायात हे ९७ जण आहेत.

बायकांचं तर विचारूच नका. प्रेस्टनच्याच डिक केर कारखान्यातल्या कामगार मुलींचा संघ होता. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला ५३ हजार माणसं आली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, फुटबॉल असोसिएशननं ठरवलं की हा खेळ बायकांना साजत नाही, आणि आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. पन्नास वर्षं ती बंद राहिली. 'जुना चांगला काळ' म्हणताना ही पन्नास वर्षं त्यात धरायची की वगळायची, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

मग या आठवणीत खरं काहीच नाही का? आहे. काम, घर, मैदान आणि संघ चालत जाण्याच्या अंतरावर होते, एवढं खरं आहे. माणसं हळहळतात ती त्यासाठी, आणि ते रास्त आहे असं आम्हाला वाटतं. आता ही कसोटी घेऊन आपल्याकडे येऊ.

इंग्लिश फुटबॉलचा एक तुकडा मुंबईतही होता. १८९१ साली तिथे रोव्हर्स कप सुरू झाला. पहिला कप वूस्टरशर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियननं नेला. पुढची कितीतरी वर्षं गोऱ्या पलटणी आपसात खेळत राहिल्या आणि आपले लोक दोरीबाहेरून बघत राहिले. भारतीय संघाच्या हाती हा कप लागायला १९३७ साल उजाडलं. तो संघ बंगलोर मुस्लिम्स. पुढे कूपरेज मैदान आणि रोव्हर्स कप हे मुंबईकरांच्या तोंडी एकाच श्वासात येऊ लागलं.

आता नीट ऐका. १९५०, ५१, ५२, ५३ आणि ५४, अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप एकाच संघानं जिंकला. हैदराबाद सिटी पोलीस. कलकत्त्याच्या बड्या क्लबांना हे पोलीस शिपाई भारी पडले. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, पेशानं शिक्षक. आणि त्या पाच वर्षांत गडचांदूर कुठे होतं? हैदराबाद राज्यात! राजुरा तालुका, जिल्हा आदिलाबाद. आजचा कोरपना तालुका त्याच राजुऱ्यातून पुढे निघाला. निजामाची सत्ता १९४८ ला गेली होती, पण हैदराबाद राज्य होतं. माणिकगडाच्या पायथ्याच्या कापूस-ज्वारीच्या या खेड्याचं राज्य म्हणजे देशातल्या सगळ्यात बलाढ्य फुटबॉल संघाचं राज्य. इथल्या किती जणांना हे ठाऊक आहे? हात वर करा. ... बरं. आर्सेनल कोणत्या साली निघालं ते मघाशी पुढच्या बाकावरून आमच्या आधी सांगितलं गेलं होतं.

पुढचा योगायोग बघा. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं. राजुरा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आधी नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ पासून चांद्यात. म्हणजे रोव्हर्स कप जिंकणाऱ्यांच्या राज्यातून उठून आपण रोव्हर्स कप भरवणाऱ्यांच्या राज्यात आलो. बरोबर महिन्यानं, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतानं ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. प्रशिक्षक रहीम. संघात हैदराबादचे अझीझ, नूर महंमद, झुल्फिकारुद्दीन, सिकंदराबादचा बलराम. आणि तीन गोल मारणारा नेव्हिल डिसोझा मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबाचा. आपलं जुनं राज्य आणि आपलं नवं राज्य एकाच जर्सीत! भारत त्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला. १९६२ ला जाकार्ताच्या एशियाडमध्ये रहीम यांच्या संघानं दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून सुवर्णपदक घेतलं. तेव्हा रहीम कर्करोगानं आजारी होते. पुढच्या वर्षी जूनमध्ये ते वारले.

पोलीस, टाटा, रेल्वे, मफतलाल, महिंद्र, ऑर्के मिल्स: आपल्याकडेही संघ नोकरीतूनच उभे राहिले. चेंडू चांगला मारतो म्हणून हजेरीपटावर नाव, आणि हजेरीपटावर नाव म्हणून घरी चूल. नोकरी आटली तशी मैदानंही आटली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या. रोव्हर्स कप २०००-०१ नंतर झाला नाही. महिंद्रचा संघ २०१० साली बंद झाला, फगवाड्याचा जेसीटी मिल्सचा त्याच्या पुढच्या वर्षी.

आता सिमेंट. १९८०च्या दशकात चुनखडीच्या मागे इथे, आवारपूरला कारखाने आले, वसाहती आल्या, वसाहतीत मैदानं आली. कागदावर बघाल तर प्रेस्टनसारखंच सगळं: काम, घर, मैदान, चालत जाण्याच्या अंतरावर. पण एक फरक होता. कापडाची गिरणी शनिवारी दोनला बंद करता येते. सिमेंटची भट्टी नाही. आत चौदाशे अंशांच्या वर तापमान. वरचेवर थंड केली तर अस्तराच्या विटा जातात. म्हणून तीन पाळ्या, दिवाळीलासुद्धा. १९४८ च्या आपल्या कारखाना कायद्यात आठवड्याला एक सुट्टी होती, पण सगळ्यांनी एकत्र सुटायचा शनिवार नव्हता. पहिल्या पाळीचा गोलकीपर मोकळा झाला की दुसऱ्या पाळीचा स्ट्रायकर आत जातो. अकरा जण एका वेळी जमवायचे तर कोणीतरी पाळी बदलून द्यावी लागते, त्याच्या वाट्याची रात्र दुसऱ्या कोणीतरी काढावी लागते.

ती रात्र कोणी काढली, हे इंग्लंडच्या पुस्तकांत मिळायचं नाही. इथे समोर काही निवृत्त मंडळी बसलेली दिसतात. तुमच्यापैकी कोण कोणत्या पाळीत होता, कोण खेळायचा, कोणी पाळी बदलून दिली, मैदान कुठल्या बाजूला होतं, कोणाचा पाय मोडला आणि त्या दिवसांचा पगार मिळाला की कापला, हे आम्हाला लिहून घ्यायचं आहे. मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. जुने फोटो असतील तर तेही आणा, आम्ही मोबाइलवर उतरवून लगेच परत करू.

आता प्रश्न घेऊ. तो आर्सेनलवाला आधी.